पोवळ्यांच्या कडेवर बसलेली बेटे

रत्नागिरी स्थानकात थांबणाऱ्या एका गाडीच्या पाटीवर 'मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस' असे लिहिलेले असते. कोकण रेल्वेच्या प्रवाशांना हे नाव इतके सवयीचे झाले आहे की, ही गाडी लक्षद्वीपला जातच नाही याकडे कोणाचे लक्षही जात नाही. ती एर्नाकुलमला थांबते. तिथून पुढे अरबी समुद्र आहे आणि किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटरवर ही बेटे विखुरलेली आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही याच गाडीने एर्नाकुलमपर्यंत आणि कोचीहून जहाजाने पुढे गेलो. आम्ही दोघे, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या अम्मी असे पाच जण होतो.

"समुद्र पाहायला कोकणातून इतक्या लांब कशाला?" असे शेजाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पाण्याखालचे जग पाहायचे तर आता मालवणलाही सोय आहे. पण आम्हाला असे ठिकाण हवे होते जिथे घरातली सगळी माणसे पाण्यात उतरू शकतील. आपल्याकडे सहलीला गेले की बहुधा पुरुष आणि मुले पाण्यात आणि बायका चपला-पिशव्या सांभाळत वाळूत, असेच चित्र असते. अम्मींचे सारे आयुष्य खाडीकाठी गेले. तिसऱ्या आणि कालवे काढण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. पण गुडघ्याच्या वर पाण्यात त्या कधी गेल्या नव्हत्या. पोहता येणारी मुलगीही मोठी झाल्यापासून समुद्रावर संकोचाने उभी राहायची. लक्षद्वीपची ९६ टक्क्यांहून अधिक वस्ती मुस्लिम आहे. अंगभर कपड्यांत पाण्यात उतरणारी बाई तिथे कोणाला वेगळी वाटत नाही. लोकवस्तीच्या बेटांवर पर्यटकांनीही अंग झाकणारे कपडे घालावेत अशीच अपेक्षा असते. पर्यटकांसाठीचे बंगारम हे बेट वगळता दारूला बंदी आहे. जेवण हलाल आहे का, हे पाच दिवसांत एकदाही विचारावे लागले नाही.

जहाजावरची रात्र

लक्षद्वीपमध्ये एकूण ३६ बेटे मोजली जातात. त्यांतल्या फक्त १० बेटांवर वस्ती आहे. सगळी जमीन एकत्र केली तरी ती ३२ चौरस किलोमीटर भरते आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्यापेक्षाही हा प्रदेश लहान, पण त्याच्याभोवतीचा समुद्र प्रचंड.

कोचीच्या विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून जहाज सुटते. बेटानुसार चौदा ते अठरा तास लागतात. किनारा दिसेनासा झाल्यावर अम्मी डेकवर तसबीह घेऊन बसल्या आणि मुले उडणारे मासे मोजू लागली. प्रवासात नमाज कसर करण्याची आणि दोन वेळांच्या नमाजा एकत्र पढण्याची आपल्या शाफई मसलकातली सवलत जहाजावर किती सोयीची आहे, हे त्या रात्री कळले. अशा प्रवासात होकायंत्र मात्र जवळ ठेवावे. या समुद्रातून किब्ला पश्चिमेच्या थोडा उत्तरेला येतो, पण जहाज वळले की आपली बसलेली दिशा बदलते.

शाफई मसलकाचा उल्लेख मुद्दाम केला. कोकणी मुसलमान, मलबारचे मापिळा आणि ही बेटे, सगळीकडे हाच मसलक आहे. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापारी वाटांनी हे किनारे एकमेकांशी जोडले. कवरत्तीच्या मशिदीत फजरला दुसऱ्या रकअतीत इमाम साहेबांनी कुनूत पढली, तेव्हा मुलगा नंतर हळूच म्हणाला, "अगदी आपल्या गावच्यासारखं." भाषा मल्याळम, चेहरे अनोळखी, पण सफेत उभे राहिल्यावर परके वाटले नाही. बेटांवर इस्लाम हजरत उबैदुल्लाह यांनी आणला अशी तिथली परंपरा आहे. त्यांची कबर आंद्रोत बेटावर आहे.

कवरत्ती : गोड्या पाण्याची भिंगे

कवरत्ती ही १९६४ पासून लक्षद्वीपची राजधानी. क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरच्या आत, पण मशिदी पन्नासहून अधिक. त्यांतली उज्रा मशीद लाकडी छताच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडावर हे काम केले, असे लोक सांगतात. छताकडे पाहताना मान दुखली तरी नजर हटत नाही.

आमचे लक्ष मात्र विहिरींनी वेधून घेतले. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही, डोंगरही नाही. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम दोन-तीन पुरुष उंच. मग गोडे पाणी येते कुठून? पावसाचे पाणी सच्छिद्र जमिनीत मुरते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. जमिनीच्या पोटात त्याचा आकार भिंगासारखा होतो, मध्ये जाड आणि कडेला पातळ. विहीर उथळ असेल आणि उपसा बेताचा असेल तर पाणी गोड राहते. हावरेपणाने उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते.

वस्ती वाढली तसे हे भिंग पुरेना. म्हणून २००५ साली कवरत्तीला एक वेगळाच प्रकल्प उभा राहिला. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तो उभारला. वरचे कोमट समुद्रजल कमी दाबाच्या टाकीत सोडले की त्याची वाफ होते. साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याच्या नळ्यांवर ती वाफ थंड करतात आणि गोडे पाणी मिळते. दिवसाला एक लाख लिटरची त्याची क्षमता आहे. विज्ञानाच्या पुस्तकातले बाष्पीभवन आणि संघनन मुलांना इथे शब्दशः पिता आले.

त्या दुपारी काचेच्या तळाच्या होडीतून आम्ही लगूनमध्ये फिरलो. लगून म्हणजे बेट आणि प्रवाळाची कड यांच्यामधला उथळ, शांत जलाशय. बाहेर अरबी समुद्र गर्जत असतो, आत पाणी परातीतल्यासारखे निवांत. अम्मींनी काचेला जवळजवळ नाक लावले. होडी किनाऱ्याला लागली तरी त्या उठेनात.

कल्पेनी : पाण्यात तोंड घालण्याची हिंमत

दुसऱ्या दिवशी कल्पेनी. जहाज प्रवाळाच्या कडेबाहेर नांगरते आणि प्रवाशांना लहान बोटीत उतरावे लागते. लाटेबरोबर बोट वर आली की खलाशी सांगतो आणि त्याच क्षणी पाय टाकायचा. दोन खलाशांनी अम्मींना दोन्ही दंडांना धरून असे अलगद उतरवले की त्यांनी दोघांना तिथेच दुआ दिली.

कल्पेनीचे लगून विस्तीर्ण आहे आणि त्यात तिलक्कम, पिट्टी अशी निर्जन चिमुकली बेटे आहेत. स्नॉर्केलिंग इथेच केले. ज्यांनी ते केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरायची नळी, पायांत फिन आणि अंगात लाइफ जॅकेट. पाण्यावर पालथे पडायचे, चेहरा पाण्यात ठेवायचा आणि तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा. पोहता आलेच पाहिजे असे नाही. अवघड असते ते मनाला समजावणे. चेहरा पाण्यात गेला की जन्मभराची सवय श्वास रोखायला सांगते. पहिली पाच मिनिटे कंबरभर पाण्यात उभे राहून, फक्त मान वाकवून सराव केला की ही भीती सरते.

काही गोष्टी घरूनच ठरवून जाव्यात. मास्कची कड त्वचेला घट्ट बसली पाहिजे. मध्ये केस किंवा स्कार्फची घडी आली तर पाणी शिरते. म्हणून डोक्याला बसणारी टोपी असलेला अंगभर पोहण्याचा पोशाख मुलींसाठी उत्तम. सुती सलवार-कमीज भिजली की जड होते आणि पायांत अडकते, ओढणीचा तर धोकाच. पुरुषांना दाढीचा त्रास होत नाही, मिशांचा होतो. वरच्या ओठावर थोडे व्हॅसलीन लावले की काम भागते. पाठीवर ऊन फार लागते, त्यामुळे अंगभर कपडे तिथे सगळ्यांच्याच फायद्याचे.

मुलगी सगळ्यांत आधी गेली. गाईडच्या रिंगला धरून ती शंभरेक फूट आत गेली आणि तिचा नळीतून येणारा अस्पष्ट आनंदाचा आवाज किनाऱ्यावर ऐकू आला. मग आम्हीही उतरलो. खाली हरणाच्या शिंगांसारखी प्रवाळे, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे, टेबलासारख्या सपाट पसरलेल्या थाळ्या. त्यांच्यामधून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे फुलपाखरू मासे जोडीजोडीने फिरत होते. समुद्रपुष्पाच्या हलत्या बोटांत नारिंगी विदूषक मासा घर करून होता आणि जवळ गेलो तर तळहाताएवढा तो जीव आमच्यावर चालून आला. हिरवे-निळे पोपटमासे आपल्या चोचीने प्रवाळ खरवडत होते. पाण्याखाली त्याचा कुरकुर आवाज स्पष्ट येतो, हे आम्हाला माहीत नव्हते. ते खरवडलेले चुनखडीचे कण त्यांच्या पोटातून पांढरी वाळू होऊन बाहेर पडतात. ज्या शुभ्र वाळूवर आपण फोटो काढतो, तिचा बराचसा भाग असा तयार झालेला असतो.

दुपारी अम्मी स्वतःहून म्हणाल्या, "मला पण ते डोळ्याचं लावा." लाइफ जॅकेट घालून, नातीचा हात घट्ट धरून त्या मांडीभर पाण्यात आल्या. मास्क लावून वाकल्या. लगेच वर आल्या, पुन्हा वाकल्या. तिसऱ्यांदा वाकल्या त्या बराच वेळ तशाच राहिल्या. बाहेर आल्यावर मास्क काढत म्हणाल्या, "साठ वर्षं समुद्राच्या दारात बसले, घरात आज गेले." मुलीला त्या वेळी तिच्या दादीचा जो अभिमान वाटला, तो तिने नंतर गावात प्रत्येक मावशी-चाचीला सांगितला.

जे दगड वाटते ते जिवंत आहे

प्रवाळाला आपण पोवळे म्हणतो, उर्दूत मूंगा, अरबीत मरजान. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर मरजानचा उल्लेख येतो आणि त्याचा अर्थ सहसा पोवळे असाच केला जातो. मदरशात हा शब्द शिकलेल्या मुलांना वाटत होते की तो एक दागिन्यातला खडा आहे. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी आहे. टाचणीच्या टोकापासून नखाएवढ्या आकाराचे हजारो मऊ जीव शेजारी-शेजारी राहतात आणि आपल्याखाली चुनखडीचे घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उन्हातून अन्न तयार करून यजमानाला देते, रंगही देते. प्रवाळ त्याला आसरा देतो.

हे बेटच त्या जिवांनी उभारले आहे. समुद्रात बुडत गेलेल्या प्राचीन डोंगरांच्या माथ्यावर प्रवाळ हजारो वर्षे वर-वर वाढत राहिला, त्याचे कंकण झाले, कंकणावर वाळू साठली, वाळूवर नारळ रुजला आणि मग माणूस आला. बाहेरच्या लाटा आजही प्रवाळाच्या कडेवर फुटतात म्हणून आतली जमीन टिकते. जमीन टिकते म्हणून तिच्या पोटातले गोड्या पाण्याचे भिंग टिकते. पोवळ्यांनी ही बेटे लेकरासारखी कडेवर घेतली आहेत, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

आणि म्हणूनच पुढे पाहिलेले दृश्य बोचले. तिलक्कमच्या पलीकडे प्रवाळाचा एक मोठा पट्टा करड्या रंगाचा, शेवाळलेला, निर्जीव होता. मासेही मोजकेच. समुद्राचे तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी लवकर थंड झाले तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली अशी मोठी संकटे आली. २०२४ साली पुन्हा मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरा पडल्याचे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवले. म्हैसूरची नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संस्था १९९८ पासून इथल्या प्रवाळाची मोजणी करते. तिच्या अभ्यासानुसार जिवंत प्रवाळाचे प्रमाण दोन-अडीच दशकांत सुमारे निम्म्यावर आले आहे. बंगारमच्या कंकणातले परळी नावाचे एक निर्जन बेट तर झिजून पाण्याखाली गेले.

समुद्र काय करू शकतो याची खूण कल्पेनीवरच आहे. १८४७ सालच्या वादळाने प्रवाळाचे ढीगच्या ढीग पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या किनाऱ्यावर आणून टाकले. तो बांध अजून दिसतो. त्या बांधाजवळ मुलाने शिंगासारखा एक पांढरा तुकडा उचलला. होडीवाल्या चाचांनी हसून तो त्याच्या हातातून घेतला आणि परत ठेवला. मोडक्या हिंदीत म्हणाले, "ये हमारा दीवार है, बेटा." प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. मेलेला तुकडाही उचलता येत नाही. पण त्या चाचांच्या एका वाक्याने मुलाला जे समजले, ते कायद्याच्या कलमाने समजले नसते.

शुक्रवारची आणि सोमवारची मालमत्ता

कल्पेनीच्या बायकांविषयी सांगितले नाही तर हे वर्णन अपुरे राहील. लक्षद्वीपमध्ये मुली शाळेत जाण्याची सुरुवात याच बेटावर झाली. आज साऱ्या लक्षद्वीपची साक्षरता ९१ टक्क्यांहून अधिक आहे. शिक्षक म्हणून आम्हाला या बेटाला सलाम करावासा वाटला.

इथली कुटुंबपद्धती परंपरेने मातृवंशीय आहे. घराणे म्हणजे 'तरवाड', आणि ते आईकडून मुलीकडे चालते. मालमत्तेचे दोन प्रकार आहेत. तरवाडची वडिलोपार्जित ती 'शुक्रवारची', ती आईच्या वंशात राहते. स्वतः कमावलेली ती 'सोमवारची', ती शरियतनुसार वारसांत वाटली जाते. इस्लाम आणि मातृवंशीय परंपरा यांची ही सांगड कशी बसली, यावर मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९६९ साली एक पुस्तकच लिहिले आहे. अम्मींना हा प्रकार सांगितला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इथं लेकीला घर सोडावं लागत नाही."

मिनिकॉय : उजवीकडून डावीकडे

तिसरे बेट मिनिकॉय अगदी दक्षिणेला, मालदीवच्या जवळ. इथली भाषा मल्याळम नाही, तर महल, म्हणजे मालदीवची धिवेही. तिची 'थाना' लिपी उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून घेतली आहेत. एका दुकानाच्या पाटीवर आमच्या मुलांनी ओळखीचे अंक शोधायला सुरुवात केली आणि दुकानदार आजोबा त्यांना उच्चार शिकवू लागले.

मिनिकॉयची वस्ती 'अवह' नावाच्या अकरा पाड्यांमध्ये वाटलेली आहे. मासेमारी ट्युनाची, आणि ती जाळ्याने नव्हे, गळकाठीने. लगूनमधले छोटे मासे आमिष म्हणून समुद्रात सोडायचे आणि जमलेला ट्युना एकेक करून वर ओढायचा. म्हणजे प्रवाळ गेला तर आमिष गेले आणि आमिष गेले तर ट्युनाही गेला. उकडून, धुरावून, वाळवलेल्या ट्युनाला इथे 'मास' म्हणतात. आपल्या सुक्या बोंबलाची सवय असलेल्यांना तो लगेच आवडेल. अम्मींनी दोन तुकडे बांधून घेतले.

१८८५ साली बांधलेल्या दीपगृहावर मुले आणि आम्ही चढलो. वरून बेट नारळाच्या एका बारीक हिरव्या फितीसारखे दिसते. एका बाजूला गडद निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला फिकट हिरवे लगून, आणि लगूनच्या पलीकडे फेसाची एक पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे प्रवाळाची कड. तिच्या आत घरे, शाळा, मशिदी, कबरस्तान, विहिरी, सगळे काही. मुलगी म्हणाली, "एवढ्याशा रेघेवर सगळं?" उत्तर द्यायची गरज नव्हती.

जाणाऱ्यांसाठी

लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र लागते, म्हणून तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करावी. सहली लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन संस्थेमार्फत आखल्या जातात. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. अगत्तीला विमानही जाते, पण घरात वडीलधारी माणसे असतील आणि त्यांना समुद्र लागत नसेल तर जहाजाचा अनुभव वेगळाच. समुद्र लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. बेटांवर दवाखाने आहेत, तरी रोजची औषधे जास्तीची न्यावीत.

पाण्यात असताना प्रवाळावर पाय ठेवू नये, हात लावू नये. बोटभर प्रवाळ वाढायला काही वर्षे लागतात आणि फिनचा एक फटका तो क्षणात मोडतो. प्लास्टिकचा कचरा आपल्याबरोबर परत आणावा, कारण तो टाकायला बेटावर जागाच नाही. आंघोळीला आणि वुजूला पाणी बेताने वापरावे. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूत पाण्याची उधळपट्टी करू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लक्षद्वीपमध्ये ती शिकवण नव्हे, तिथल्या रोजच्या जगण्याची गरज आहे.

परत आल्यावर वर्गात मुलांनी विचारले, "तिथून काय आणलं?" शिंपले नाहीत, पोवळी नाहीत. फळ्यावर बेटाचा आडवा छेद काढून दाखवला. वर नारळ, मध्ये गोड्या पाण्याचे भिंग, खाली खारे पाणी आणि कडेला प्रवाळाची भिंत. मग मुलांनाच विचारले, यातली कोणती गोष्ट काढली तर बाकीच्या टिकतील? पंचेचाळीस मुलांपैकी एकालाही अशी गोष्ट सापडली नाही. आता तो तक्ता पक्क्या कागदावर काढून वर्गात लावला आहे. आपली जमीन, आपल्या विहिरी आणि आपला किनाराही अल्लाहने दिलेली अमानतच आहेत, हे शिकवायला यापेक्षा सोपे चित्र आम्हाला सापडलेले नाही.